बंपरामागचा नंबर

शनिवारी सकाळी दशरथची जीप खोपोलीच्या शिळफाट्यावर दीक्षाच्या वेल्डिंगच्या शेडसमोर थांबली, तेव्हा मागच्या बाकावर एक काळाकुळकुळीत बंपर नवरीसारखा जपून बसवलेला होता. खाली गोधडी, वर ताडपत्री. दशरथ स्वतः अर्धा भिजला होता, बंपरावर मात्र पावसाचा एक थेंब नव्हता.

"ताई, बघा तरी! फार्महाऊसच्या शेठनी दिला. त्यांची गाडी दोनदा चिखलातून काढली ना मी, तर म्हणाले, मी नवीन गाडी घेतली, हा तुझ्या जीपला लाव. हूक बघा, कसले लालभडक हायत!"

दीक्षाने बंपरावरून हात फिरवला. दिसायला खरंच देखणा होता. दशरथच्या जुन्या फोर-व्हील जीपच्या मागे जो होता, त्याला बंपर म्हणणं हा मोठेपणा झाला. पाईपाचा तो तुकडा दोन ठिकाणी वाकलेला आणि एका ठिकाणी तारेने बांधलेला होता.

दशरथ कर्जतच्या बाजूचा, डोंगराखालच्या एका ठाकूरवाडीतला. पावसाळ्यात त्या वाडीपर्यंत जाणारी ही एकच गाडी. पण आजची घाई वेगळी होती. दर श्रावणात चौकच्या पुढे एका माळावर मुंबई-पुण्याचे जीपवाले चिखलातल्या शर्यती लावतात. आजवर दशरथ तिथं फावडं घेऊन जायचा, रोजावर. गाडी रुतली की उकरायची, ढकलायची, तोंडावर चिखल घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. यंदा मात्र आयोजकांनी त्याला सांगितलं होतं, फावडं ठेव आणि जीप घेऊन ये, अडकलेल्या गाड्या तूच ओढून काढ. छातीवर त्याच्या नावाचा बिल्ला लागणार होता. अट एकच. जीपच्या मागे ओढायचे हूक पक्के हवेत, उद्या सकाळी सातला बघणार.

"दुपारपर्यंत लावून द्याल ना?" दशरथने विचारलं.

"त्यात काय, चार बोल्टांचं काम हाय," दीक्षा म्हणाली. हे वाक्य तिला दिवसभर आठवत राहणार होतं.

अकराच्या सुमारास तिचे बाबा, रामभाऊ, आले, आणि दीक्षाच्या हातातला पाना निसटून पायावर पडता पडता राहिला. दोन वर्षांत बाबांनी शेडमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. आज ती घरून डबा विसरली, बाबांचं खोपोलीत बँकेत काम होतं, म्हणून आईने, पारूबाईने, डबा त्यांच्या हाती दिला. आई भोळी नव्हती. डबा विसरला की विसरवला, हा प्रश्न दीक्षाला तेव्हाच पडला.

रामभाऊंनी भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, डबा टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून बसले. बोलले काहीच नाहीत.

या न बोलण्याचं दीक्षाला ओझं होतं. रामभाऊ एकोणतीस वर्षं रसायनीच्या एका कारखान्यात पाईपांचे वेल्डर होते. तिथं प्रत्येक वेल्डरला नंबर असे, बाबांचा सतरा. सांधा झाला की तपासणारा साहेब यायचा. बारीक भेग निघाली की खडूने फुली मारून चालता व्हायचा. सांधा पास झाला तरी शाबास म्हणायची पद्धत नव्हती. साहेब फक्त विचारायचा, "नंबर काय तुझा?" आणि तो खडूने सांध्याशेजारी लिहायचा. बाबा संध्याकाळी मोहोपाड्याच्या घरी येऊन सांगायचे, "आज चार वेळा नंबर विचारला," आणि त्या दिवशी आई शिरा करायची. दीक्षा शिऱ्यावर वाढलेली पोर. आयटीआयला वेल्डिंग घेतलं तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि तिच्या डोक्यात एवढंच होतं की आपला नंबर कोणीतरी विचारावा.

मग तिने शेड टाकली, "दीक्षा फॅब्रिकेशन, गेट, ग्रील, शेड" असा बोर्ड लावला, आणि बाबा फुगून बसले. "जिथं तपासणारा नाय तिथं वेल्डर बिघडतो," एवढंच म्हणाले. उद्घाटनाला आले नाहीत, नारळही पाठवला नाही. पाठवले ते तीन डबे. भेग शोधायचे. एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या पावडरीचा. दीक्षाला राग आला होता. गेटाला कोण भेग शोधत बसतं? डबे फळीवर गेले आणि त्यांच्यापुढे पेंटचे, थिनरचे आणि चहाचे डबे येत गेले.

आता बाबा स्टुलावर, आणि समोर काम. जुन्या पाईपाचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. डिझेल ओतलं, तापवले, शेवटी ग्राइंडरने कापले. नवा बंपर दशरथने आणि तिने मिळून उचलून लावून पाहिला, तर भोकं चार बोटं इकडेतिकडे. ते व्हायचंच, बंपर दुसऱ्याच गाडीचा होता. नवीन भोकं पाडायला ती खाली वाकली आणि आतून टॉर्च मारला.

ती बराच वेळ उठली नाही.

"काय झालं ताई?"

"दशरथदादा, खाली या. हे बघा. लाल हूक नुसते पत्र्याला चिकटवलेत. आत काहीच नाय. हे दाखवायचे हूक हायत, ओढायचे नाय."

दशरथचा चेहरा उतरला. शेठच्या गाडीला शोभणारी वस्तू फक्त शोभेची आहे, हे त्याला पटवून घ्यायला वेळ लागला. "पन शेठ तर किती डोंगर फिरले यावर!"

"फिरले असतील. ओढली का कधी गाडी यानं?"

दशरथने आठवून पाहिलं. ओढायला दर वेळी तोच गेला होता, जीपला दोर बांधून. "नाय," तो म्हणाला.

"चिखलात दोन टनाची गाडी रुतली नि तुमी झटका दिलात, तर हा हूक उडून कोणाच्या तरी डोक्यात बसंल. मी असा नाय लावून देणार."

हे बोलताना तिचं लक्ष स्टुलाकडे होतं, हे कबूल केलं पाहिजे. रामभाऊ बाहेर रस्त्यावरचे टेंपो मोजत असावेत असे बसले होते.

मग तिने काम मांडलं. बंपराचा पत्रा राहू द्यायचा, पण लाल हूक कापून टाकायचे. दोन जाड पट्ट्या चेसिसला, गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळायच्या, त्या बंपरामधून आरपार बाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकांना भरीव लोखंडाचे नवे हूक वेल्ड करायचे. ओढ सगळी चेसिसवर जाईल, बंपर नुसता अंगरखा. दशरथने हे ऐकलं आणि ताडपत्री घडी घालून बाजूला ठेवली. जपायचं कारण संपलं होतं.

पट्ट्या कापल्या, भोकं पाडली. मग दीक्षाने तोंडावर मुखवटा ओढला आणि डावा हूक, उजवा हूक, दोन्ही बाजूंनी, चार सांधे एका दमात मारले. वरचा काळा थर हातोडीने ठोकून काढला तेव्हा खाली वेणी घातल्यासारखी सारखी रेघ निघाली. इतकं सुबक काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. तिने मुखवटा वर केला. आता तरी बोलतील.

रामभाऊ उठले, वाकले, बघितलं. "तपासलंस?" त्यांनी विचारलं.

दीक्षाचे कान तापले. ती फळीकडे गेली. पेंटचे डबे, थिनरचा डबा, चहाचा डबा एकेक करून खाली आले आणि मागून ते तीन डबे निघाले, दोन वर्षांची धूळ पांघरलेले. झाकणांचं सील तसंच होतं. बाबांनी ते पाहिलं. त्या क्षणी तिला रागापेक्षा लाज जास्त वाटली.

सांधे साफ करून लाल रंग मारला. भेग असलीच तर रंग तिच्यात मुरायला पंधरा मिनिटं थांबायचं होतं. मग रंग फडक्याने पुसून काढला आणि मुरलेला रंग वर ओढून घ्यायला पांढरी पावडर फवारली. तीन सांधे पांढरेफटक राहिले. चौथ्याच्या टोकाला, केसाएवढी, एक लाल रेघ हळूहळू वर आली.

"येवढीशी तर हाय," दशरथ म्हणाला. त्याला उद्या सकाळचे सात दिसत होते. "काळा रंग मारा ना ताई. कोणाला दिसनार हाय?"

कोणाला दिसणार नव्हती, हे खरंच होतं. आयोजक हूक हलवून बघतील, फार तर लाथ मारतील. दीक्षाने बाबांकडे पाहिलं. ते पुन्हा टेंपो मोजत होते. फुली नाही, शिवी नाही, काहीच नाही. तपासणारा साहेब निघून गेला होता आणि ती एकटी उरली होती.

ती पेटीपाशी गेली आणि वेल्डिंगचा एक रॉड बोटांत फिरवून पाहिला. पुडकं आठवडाभर उघडं होतं, श्रावणाच्या हवेत. रॉड दमट झाले होते. दमट रॉडने मारलेला सांधा वरून हसतो आणि आतून चिरतो, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. कारखान्यात रॉड भट्टीत गरम ठेवत. म्हणजे भेग एकाच सांध्यात दिसली तरी त्याच रॉडने मारलेले चारही सांधे संशयातले.

तिने ग्राइंडर घेतला आणि चारही कापले. सकाळपासूनचं सर्वांत सुंदर काम ठिणग्या होऊन शेडभर उडालं. दशरथने डोक्याला हात लावला.

मग नवं पुडकं काखोटीला मारून ती शेजारच्या बेकरीत गेली. बेकरीवाला गजा भट्टीपुढे उभा होता.

"गजाभाऊ, हे तासाभर भट्टीत ठेवा. चांगली कडक आच हवी."

गजाने पुडकं उघडून पाहिलं. "खारी का नानकटाई, ताई?"

"टोस्ट. कडक भाजा."

"कोणाचे दात पाडायचे हायत?" असं म्हणत त्याने रॉड ट्रेवर नीट ओळीने लावले आणि भट्टीत सारले. तेवढ्या वेळात तिने डबा उघडला आणि तिघांनी मिळून खाल्ला. आईने तिघांना पुरेल एवढ्या भाकऱ्या दिल्या होत्या, तेव्हा डबा विसरला की विसरवला, या प्रश्नाचं उत्तरही मिळालं.

रॉड फडक्यात गुंडाळून आले ते हाताला चटके देणारे. या वेळी दीक्षाने स्टुलाकडे पाहिलं नाही. एक सांधा, मग थांबणं. दुसरा, मग थांबणं. प्रत्येकाच्या टोकाला रॉड घाईने न उचलता मागे वळवून खड्डा भरून काढला. रेघ मघासारखी नखरेल नव्हती, पण भरलेली होती. सांधे निवल्यावर तिने स्वतःच लाल डबा उचलला. कोणी सांगितलं नव्हतं.

पंधरा मिनिटं. फडकं. पांढरी पावडर.

दशरथ उकिडवा बसून बघत होता. पांढरं पांढरंच राहिलं. रामभाऊ खाली बसले, गुडघा वाजला, त्यांनी चष्मा पुसला आणि चारही सांधे एकेक करून, बोटभर अंतरावरून, पुन्हा पुन्हा पाहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लाल काही आलं नाही.

त्यांनी टेबलावरचा पिवळा खडू उचलला.

"नंबर काय तुझा?" रामभाऊंनी विचारलं.

तिला वाटलं, आपण ऐकलं ते खरं नाही. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने ते हातमोज्यानेच पुसले, त्यामुळे गालावर काळं फासलं गेलं. "सतरा," ती म्हणाली. तिला दुसरा कुठला नंबर माहीतच नव्हता.

रामभाऊंनी मान हलवली. "तो माझा. तुझा सांग."

ती उभी राहिली. शेड, बोर्ड, फळीवरची रिकामी जागा, जीपमागचे दोन हूक, सगळ्यांकडे तिने एकदा पाहून घेतलं.

"एक."

बाबांनी सांध्याशेजारी खडूने इंग्रजी एक लिहिला, कारखान्यात लिहीत तसा, घोटून आणि ठसठशीत.

"काका, म्हंजे पास का?" दशरथने विचारलं.

"खडू पुसला जाईल," दीक्षा म्हणाली आणि छन्नी घेऊन आली. इंग्रजी एक म्हणजे नुसती एक उभी रेघ. तिने छन्नी खडूवर धरली आणि हातोडीचा एकच घाव घातला.

रामभाऊंनी फोन काढला, घरी लावला आणि म्हणाले, "पारू, रवा हाय का गं घरात?"