यादीतलं पहिलं नाव माझ्या मालकाचं

मी बोका बोलतोय. प्राण्यांच्या निवाऱ्यात राहतो, टेबलाखालच्या खोक्यात. माझा एक कान अर्धाच आहे. तो कसा गेला ते विचारू नका, दारावरची यादी वाचा. प्राण्यांचा छळ केला म्हणून कोर्टात ज्यांना शिक्षा झाली, त्यांची नावं नगरपालिका आता जाहीर करते. सुरुवात माझ्या केसपासून झाली. पहिलं नाव माझ्या मालकाचं. म्हणजे मी काही ऐरागैरा नाही!

यादीतल्या माणसाला जनावर द्यायचं नाही, असा नियम. आमच्या ताई आलेल्याचं ओळखपत्र बघतात, नाव यादीशी ताडतात आणि मगच जनावर सोपवतात. काम आटोपलं की त्यांच्या मांडीवर मी. तो माझा हक्क होता.

मग ते पिल्लू आलं. कुत्र्याचं. पांढरंशुभ्र, लोंबत्या कानांचं. "अगं बाई, किती गोड!" गोड म्हणे! ताईंच्या चपलेत मुतलं तरी गोड, आणि मी नुसता कपाटावर चढलो तर "उतर रे मेल्या!" मांडीही त्यालाच मिळाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झाडलोट करणारे काका हसायचे, "काय बोक्या, जळतोस होय?" हो, जळतो. तुमचं काय जातंय?

म्हणून एक बाई पिल्लू न्यायला आल्या, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. यादीत त्यांचं नाव नव्हतं. ताई पट्टा बांधायला लागल्या. चला, ब्याद टळली!

तेवढ्यात बाई फोनवर म्हणाल्या, "दादा, मिळालं रे पिल्लू. घेऊन येते."

हा आवाज मी ओळखला. ही मालकाची बहीण. त्याच घरात राहायची. तो मला मारायला लागला की ही टीव्हीचा आवाज वाढवायची.

गप्प बसलो असतो तर मांडी परत माझीच होती. बसणारही होतो. पण ते येडं पिल्लू तिचा हात चाटायला लागलं, आणि मला काही ते बघवेना. उडी मारली आणि तिचा हात ओरबाडून काढला.

"अहो, हा कधी कुणाच्या वाटेला जात नाही," काका चक्रावले.

ताईंनी बाईकडे नीट पाहिलं. "जरा पत्ता सांगता का?"

पत्ता माझ्याच केसमधला निघाला. ताईंनी कपाळाला हात लावला. "आपण नुसती नावं बघत बसलो हो काका! घरात कोण आहे ते विचारलंच नाही."

आता विचारतात. पेपरात बातमीही आली, फोटो मात्र पिल्लाचा. माझ्या वाट्याला काय? नखं कापली! त्या फोटोनंतर पिल्लासाठी रांग लागली, आणि ते एका चांगल्या घरी गेलं. जाताना माझं नाक चाटून गेलं, मेलं.

मांडी परत मिळालीय. पण ताई संध्याकाळी घरी जातात, आणि मी खोक्यात जातो. मला न्यायला कुणी आलं तर नाव बघा, पत्ता बघा, घरातल्या एकेकाची चौकशी करा. माझी काही हरकत नाही. पण त्यासाठी आधी कुणीतरी यायला तर हवं ना!