कोरोंची कुइनी

घरात एक डुक्कर पाळायचं हे आमच्या तिआहोनं ठरवलं आणि कुठलं पाळायचं यावर आम्ही वर्षभर भांडलो.

आमचं घर काफियाच्या खाडीवर, उताराला. घरात मी, नवरा रेवी, आमची नऊ वर्षांची मुलगी तिआहो आणि माझे सासरे हौनुई. त्यांना सगळं गाव कोरो म्हणतं, म्हणजे आजोबा. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले होते. पूर्वी मासेमारीला जाणारा हा माणूस दोन वर्षं अंगणाच्या पायरीपुढे गेला नव्हता. हात धरून न्यायला मी तयार असायचे, पण ते म्हणत, "मला काय बाजारात विकायला नेतेस?"

पहिलं डुक्कर आणलं माझ्या भावानं. तुरोआ शिकारी माणूस. डोंगरात आईवेगळं सापडलेलं रानडुकराचं काळं पिल्लू त्यानं कोटाच्या आत घालून आणलं. तिआहोनं त्याला बाटलीनं दूध पाजलं. दिसायला गोड होतं, पण सहा महिन्यांत त्यानं माझे रताळ्याचे वाफे नांगरल्यासारखे उलथे केले. एकदा कुत्रा भुंकला म्हणून बिथरलं आणि सरळ कोरोंच्या पायांतून पळालं. कोरो पडले, मनगट मोडलं.

आम्ही पिल्लाला शिव्या घालत होतो, तुरोआ खाली मान घालून बसला होता. कोरोच म्हणाले, "त्याला कशाला शिव्या घालता? ते रानातलं आहे, रानासारखं वागलं. तुरोआ, नेऊन सोड त्याला." तिआहो रडली, पण स्वतः डोंगरापर्यंत सोबत गेली.

मग रेवीला वेगळंच खूळ लागलं. त्यानं फोनवर एक पिल्लू दाखवलं, चहाच्या कपात बसलेलं. शहरातला कुणीतरी विकत होता. म्हणे, हे एवढंच राहतं.

"कसं आहे ते?" कोरोंनी विचारलं.

"कपात मावतंय, बाबा."

"आणि त्याची आई कशात मावते?"

रेवीनं फोन करून विचारलं. तो माणूस म्हणाला, आई दाखवता येणार नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर त्यानं फोनच ठेवला. "आईचं नाव काढलं की जो पळतो, त्याच्याकडून लेकरू घेऊ नये," कोरो म्हणाले आणि विषय संपला.

शेवटी कोरोच म्हणाले, "पारेकडे जाऊ." पारे मावशी त्यांची चुलत बहीण, नात्यानं आत्या पण सगळे मावशीच म्हणत, सत्तरी ओलांडलेली, नदीकाठी एकटी राहणारी. तिच्याकडे कुनेकुने जातीची डुकरं होती. आमच्या भाषेत कुनेकुने म्हणजे गुबगुबीत. एके काळी घरोघरी असायची. मग लोकांनी झटपट वाढणारी मोठी पांढरी डुकरं आणली आणि ही बुटकी केसाळ जात कापून खाऊन संपवत आणली. पारे मावशीच्या वडिलांनी मात्र दोन माद्या राखल्या. लोक हसायचे, "हे काय डुक्कर? ही तर केस वाढवलेली उशी." बाप गेल्यावर मावशीनं तेच चालवलं. थंडीत पिल्लं स्वयंपाकघरात चुलीपाशी निजवली, लग्नसमारंभाला मागणी आली तरी एकही जनावर दिलं नाही. ही बाई नसती तर आमच्या खोऱ्यात ही जात उरलीच नसती, असं मला वाटतं.

आम्ही पोचलो तर डुकरं कुरणात गाईंसारखी गवत खात होती. नाक आखूड आणि वर वळलेलं, त्यामुळे जमीन उकरायची फारशी सवय नाही. गळ्याखाली केसाळ लोलकांसारखे दोन झुबके. तिआहो पिल्लांकडे धावणार, तोच मावशी म्हणाली, "थांब गं. आधी बसा सगळे गवतात. तुम्हाला त्यांच्यातलं निवडायचं असेल तर त्यांनाही तुम्हाला बघू दे."

आम्ही बसलो. कोरोंना मावशीनं ओंडक्यावर बसवलं. थोड्या वेळानं एक म्हातारी डुकरीण आली, बदामी रंगाची, काळे ठिपके असलेली. पिल्लं आमच्या अंगावर चढत होती, ही मात्र कोरोंपासून हातभर अंतरावर थांबली. त्यांची काठी हुंगली, बूट हुंगले, मग काठीला वळसा घालून त्यांच्या पायाशी सावकाश बसली. कोरोंचा हात खाली गेला, गळ्याचे झुबके चाचपले.

"माझ्या आजीच्या घरी अशीच होती," ते म्हणाले. त्यांनी पोट खाजवलं तशी ती धप्पकन कुशीवर पडली आणि कोरो मोठ्यानं हसले. किती दिवसांनी.

"ही कुइनी," मावशी म्हणाली, "म्हणजे राणी. मी हिला कुणाला देत नाही. पण हिनंच ठरवलेलं दिसतंय."

रेवी मला हळूच म्हणाला, "अगं, पण ती म्हातारी आहे. पोरीसाठी न्यायचंय ना?"

कोरोंचे डोळे गेले होते, कान नाही. "मीही म्हातारा आहे. मला परत करणार आहेस का?"

तिआहो कुइनीपाशी गुडघे टेकून बसली होती. ती म्हणाली, "मला हीच हवी. कोरोंना घाबरवणार नाही ही." मी नदीकडे बघत बसले.

मावशीनं कुइनीला एकटीला पाठवायला साफ नकार दिला. "डुक्कर एकटं झुरतं." म्हणून कुइनीचा एक खच्ची केलेला नातूही आमच्या गाडीत चढला.

पहिल्या आठवड्यात कोरो पायरीवर बसून तिला हाक मारत. मग एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर ते उठले होते. डावा हात कुइनीच्या पाठीवर, उजव्या हातात काठी. ती त्यांच्या चालीनं चालत होती. खड्डा आला की थांबे, तेही थांबत. कुंपणाच्या कडेनं दोघं खाडीकडच्या फाटकापर्यंत गेले. मी मागे धावणार होते, रेवीनं माझा दंड धरला. "जाऊ दे त्यांना."

कुणी तिला शिकवलं नव्हतं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? तिला घाई नाही, एवढंच. घाई नसलेलं जनावर मिळायला नशीब लागतं."

कुइनी आमच्याकडे चार वर्षं राहिली. तेवढ्या काळात कोरो पुन्हा खाडीच्या काठाशी बसू लागले, शेजाऱ्यांशी गप्पा मारू लागले. एकदा पलीकडच्या वाडीतलं एक जोडपं त्यांच्याकडे आलं, कुठलं डुक्कर पाळावं विचारायला. त्यांना वाटलं, कोरो रंग सांगतील, आकार सांगतील.

कोरोंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या घरात कोण कोण आहे, ते आधी सांगा."