तळाचं तेल

अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जुनं इंजिन आहे, चालतं का पाहायचं आहे, एवढंच अजहरला फोनवर सांगितलं होतं. शहरातल्या जठारपेठेत त्याचं डिझेल इंजिनांचं वर्कशॉप. ट्रक, ट्रॅक्टर, बोअरची गाडी, जे दारात येईल ते खोलायचं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. नेहमीची पेटी घेऊन तो गेला. जिनिंगच्या मागच्या अंगाला एक टिनाचं शेड होतं. त्याचं दार त्यानं आणि जिनिंगच्या मालकिणीनं, प्रणालीनं, मिळून ढकललं आणि अजहर उंबऱ्यातच थबकला.

समोर एक चाक होतं. अर्धं जमिनीतल्या खड्ड्यात, अर्धं वर. आणि वरचं अर्धंच त्याच्या डोक्यापेक्षा उंच. त्याच्या पलीकडे इंजिनाचं धूड धूळ आणि कबुतरांची घाण अंगावर घेऊन बसलं होतं. इतकी इंजिनं खोलली, पण इंजिनाकडे मान वर करून पाहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"बाप रे," तो म्हणाला. "हे इथं आणलं तरी कसं?"

"आणलं नाही, आधी हे बसवलं आन् मंग भवती जिनिंग बांधली, असं बाबा सांगत," प्रणाली म्हणाली. वडील गेल्यावर जिनिंग तीच पाहत होती. सगळ्या मशिनी केव्हाच विजेवर गेल्या होत्या. या जागेवर तिला सरकीचं गोदाम बांधायचं होतं, आणि भंगारवाला जागा पाहूनही गेला होता. "पण न चालवताच विकलं तं मले रुखरुख लागून राहीन, अजहरभाऊ. एक डाव चालू करून पाहा. नाईच झालं तं नाई."

तिनं आणखी एका माणसाला निरोप धाडला होता. धर्मपालकाका. हे इंजिन शेवटपर्यंत त्यांनीच चालवलं होतं. आता ते अमरावतीला लेकीकडे राहत. एसटीनं आले, शेडमध्ये शिरले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग इंजिनाला एक फेरी घालून म्हणाले, "वाळलं नाई. हाय तसंच हाय."

त्या आठवड्यात अजहर अकोटला येत-जात राहिला. डिझेलच्या नळ्या साफ केल्या, नोझल उतरवून बसवलं, पाण्याची टाकी धुतली. चाकाला पहार लावून ढकललं तेव्हा ते जडपणे, पण फिरलं. आत काही जाम झालेलं नव्हतं. याचंच त्याला नवल वाटत होतं. शेवटी राहिलं तेल.

तळाच्या चेंबरचा नट सुटायलाच सकाळ गेली. सुटला तेव्हा आधी पाणी आलं, गंजाच्या रंगाचं. टिनाच्या भोकांतून ठिबकत ते कितीतरी पावसाळे तेलाखाली जाऊन बसलं होतं. मग काळी धार लागली, ती बारीक होत होत थांबली. अजहरनं सळई घालून पाहिली. आत तेल होतं, भरपूर होतं, पण गुळाच्या काकवीसारखं घट्ट होऊन जागच्या जागी बसलं होतं.

"येवढं निघालं ना? टाका आता नवं," प्रणाली म्हणाली.

"नाई ताई. हे आत राह्यलं तं नव्या तेलाचंही वाटोळं करन. एवढ्या मोठ्या जिवाले घाणीतून कसं उठवायचं?"

"टिपूसभर ठेवू नका," धर्मपालकाका म्हणाले. "सगळं काढा. घासलेट ओता, धुऊन काढा. माझंच तेल हाय ते, पण आता त्याच्यात काई राह्यलं नाई."

अजहर उकिडवा बसून विचार करत राहिला. गरम इंजिनाचंच तेल उतरवायचं, हे तो रोज गिऱ्हाइकांना सांगायचा. चालून आलेल्या गाडीचं तेल पाण्यासारखं उतरतं, सोबत गाळही आणतं. पण जे चालतच नाही त्याला गरम कसं करायचं? मे महिना होता. शेडमध्ये त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. त्यानं कपाळ पुसलं, वर पाहिलं आणि एकदम उठला.

"ताई, हे शेड पाडायचंच हाय ना?"

"हो."

"मंग टिनं आताच काढतो."

जिनिंगमधली माणसं वर चढली. एकेक पत्रा निघत गेला आणि उन्हाचे चौकोन इंजिनावर पडत गेले. शेवटचा पत्रा निघाला तेव्हा ते अख्खं धूड उघड्या आभाळाखाली होतं. कबुतरं एका फडफडाटासरशी उडाली. वर्षानुवर्षं अंधारात राहिलेल्या लोखंडावर वऱ्हाडचं ऊन कोसळत होतं, ज्या उन्हाला बाजारातली माणसं दुपारी दारं लावून घेतात ते. सगळे निंबाखाली जाऊन बसले. डबे सोडले, जेवले. जो तो अधूनमधून तिकडेच पाहत होता.

ऊन कलायला लागलं तसा आवाज आला. आधी एकदा टपकन, मग पुन्हा. मग धारच लागली.

अजहर धावला. नटाच्या भोकातून तेल येत होतं. जाड, काळं, तुकतुकीत, न तुटता, एका लयीत. कुणी हात लावला नव्हता. लोखंड इतकं तापलं होतं की फडकं धरल्याशिवाय हात टेकवत नव्हता. घमेलं भरलं, दुसरं लावलं, तेही भरलं. प्रणाली तोंडावर पदर धरून पाहत राहिली. "हे तं आपणहून सोडून राह्यलं," ती हळूच म्हणाली.

धार संपल्यावर अजहरनं बाजूचं झाकण खोललं आणि बॅटरी मारली. तळाला गाळाचा थर होता, साईसारखा. पण त्याची नजर तिथं ठरली नाही. वर, त्याच्या मांडीएवढ्या जाडीचा क्रँकचा दांडा लखलखत होता. गंजाचा एक ठिपका नाही. बॅटरीचा उजेड त्यावरून परत येऊन त्याच्याच डोळ्यांवर पडला.

"या अल्लाह," तो पुटपुटला. मग वळून म्हणाला, "काका, हे असं कसं राह्यलं?"

धर्मपालकाकांनी वाकून पाहिलं.

"बंद करायचा हुकूम आला त्या दिवशी म्या तेल बदलवलं," ते म्हणाले. "सगळं उतरवून कोरं तेल भरलं. सिलिंडरात ओतलं, हातानं चाक फिरवलं, सगळीकडे पोचवलं. मॅनेजर म्हणे, बंद होऊन राह्यलं तं तेल काहून वाया घालवतं? म्या म्हटलं, मेल्या माणसाले बी आपण आंघोळ घालतो."

अजहरनं हात आत घालून क्रँकवरून बोट फिरवलं. बोट घसरलं. इतक्या वर्षांनी तो पातळ थर अजून तिथं होता, लोखंडाला बिलगून.

"घासलेट नाई मारत, काका," तो म्हणाला. "तळ मी खरवडून काढतो, कणभर ठेवत नाई. पण याच्या अंगावरचं तेल राहू द्या. धुऊन कोरडं केलं तं पहिल्या झटक्याले लोखंडावर लोखंड घासन."

"हे म्या इचारातच घेतलं नोतं," काका म्हणाले. "राहू द्या मंग."

अजहर खांद्यापर्यंत हात घालून तळ खरवडत बसला. काका बाहेरून बॅटरी धरून कोपरे दाखवत होते. पांढरं फडकं तळावरून फिरवून पांढरंच बाहेर आलं तेव्हा त्यानं झाकण लावलं, नवं तेल भरलं आणि कुपीनं प्रत्येक बेअरिंगला तेल पाजलं.

दुसऱ्या दिवशी चाकाला दोर गुंडाळला. जिनिंगमधली सगळी माणसं दोराला लागली. इंजिनाच्या वरच्या खटक्यापाशी काका उभे होते. तो दाबून धरला की आतली हवा निसटते आणि चाक हलकं होतं. "ओढा!" ते ओरडले. चाक हललं, फिरलं, वेग घेऊ लागलं. दोर सुटला. काकांनी खटका सोडला.

धड्ड.

पायाखालची जमीन हलली. मग काहीच नाही. चाक मात्र फिरत राहिलं. धड्ड. धड्ड. धुराड्यातून काळा लोट निघाला, मग राखाडी, मग नुसती थरथरती हवा. ठोके एका संथ लयीत पडू लागले, आणि प्रत्येक ठोक्याला निंबाची पानं शहारत होती. बाजारातून माणसं येऊन फाटकात उभी राहिली. त्यातल्या म्हाताऱ्यांना काय झालंय ते सांगावं लागलं नाही.

अजहरनं घरी फोन लावला आणि मोबाइल समोर धरला. पलीकडून त्याची बायको तुबा विचारत होती, "काय हाय हे? काय वाजून राह्यलं?" त्यानं मोबाइल चाकाच्या आणखी जवळ नेला.

"अजहरभाऊ," प्रणालीनं ओरडून विचारलं, "बंद कसं करायचं?"

त्यानं काकांकडे पाहिलं. काका त्या चाकाकडे पाहत होते, टोपी हातात, ओठ किंचित उघडे. दाबला की इंजिन थांबतं तो खटका त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी हात पुढे केला नाही. अजहरनंही केला नाही. शेवटी प्रणालीच जाऊन निंबाखाली बसली, आणि टाकीतलं डिझेल संपेपर्यंत सगळे तसेच ऐकत राहिले.

भंगारवाल्याला तिनं नको म्हणून कळवलं. गोदाम पलीकडच्या रिकाम्या जागेत झालं, आणि इंजिनावर नवे पत्रे चढले.