शेऱ्याचा रकाना

"ज्या दिवशी या देशातला एकेक पुरुष शुद्ध तोंडाने घरी परतेल, त्या दिवशी स्वर्गाला पृथ्वीवर उतरावंच लागेल! त्याला दुसरा इलाज नाही!"

निवृत्त मुख्याध्यापक वसंतराव सरांनी टेबलावर मूठ आपटून असं जाहीर केलं, आणि लगेच सतरा पुरुष आपापली तोंडं हुंगून घ्यायला रांगेत उभे राहिले.

हुंगण्याचं काम भुजंगरावांकडे होतं. बावीस वर्षं खताच्या दुकानात काढूनही ज्याचं नाक शाबूत राहिलं, असा औसा गावात हा एकच माणूस. सदस्याने त्यांच्यापुढे उभं राहून "हाऽऽ" करायचं, भुजंगरावांनी डोळे मिटून क्षणभर चिंतन करायचं आणि "शुद्ध!" म्हणायचं. मग सदस्याने आत जाऊन कॅरमला बसायचं. रोज संध्याकाळी सहाला हा विधी व्हायचा. त्या सोमवारी भुजंगरावांना भयंकर सर्दी झाली होती, पण ही गोष्ट त्यांनी गुप्त ठेवली होती. पद मानाचं होतं.

मंडळाचं नाव 'निर्मळ पुरुष मंडळ (खाजगी)'. बाजारातल्या एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या माडीवर त्यांची खोली होती. खाजगी म्हणजे खोलीच्या दाराला पडदा होता.

नागरिकहो, थट्टा नंतर करू; आधी एक कबूल करतो. मंडळाचं काम खरोखर चांगलं होतं. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ आपल्याकडे पुरुषाला फार अवघड जाते. काम संपलेलं असतं, जेवण झालेलं नसतं, आणि मधल्या सगळ्या वाटा नेमक्या एकाच दुकानावरून जातात. ते दोन तास या माडीवर चहा, वर्तमानपत्र आणि कॅरम यांत निघून जायचे. पाच वर्षांत कितीतरी घरं तिने सावरली होती.

अशा मंडळाला वर्तनसंहिता हवीच. ती सरांनी स्वतः लिहिली होती. सरांनी जन्मात थेंब घेतलेला नव्हता, त्यामुळे या विषयात त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. एकूण कलमं बत्तीस. कलम पाच: चहाचे कप एकमेकांना लावू नयेत. कलम अकरा: फुटाणे, शेव व खारे शेंगदाणे चौघांत बसून खाऊ नयेत, एकट्याने उभ्याने खाल्ल्यास हरकत नाही. कलम चौदा: 'बसू या का' असं विचारू नये, 'टेकू या का' असं विचारावं. कलम एकोणीस: जो पिईल त्याचं नाव त्याच दिवशी फळ्यावरून पुसण्यात येईल.

सगळ्यात जालीम होतं ते कलम सव्वीस. दर सोमवारी प्रत्येकाने घरच्या बाईमाणसाची सही असलेलं गृहपत्रक आणून द्यायचं. त्यावर प्रश्न एकच होता: 'सदर सदस्य या आठवड्यात प्याले काय? होय / नाही.' खाली 'शेरा' म्हणून चार ओळींचा रकाना. तो कशासाठी होता, कोणालाच माहीत नव्हतं. सरांचा हात शाळेतला. शेऱ्याशिवाय कागद त्यांना उघडा वाटायचा. भुजंगराव 'नाही'वरची खूण बघायचे आणि पत्रक ट्रंकेत टाकायचे. ट्रंक भरत आली होती.

त्या सोमवारी रांगेच्या शेवटी बजरंग उभा होता. पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून देणारा कारागीर, हात सोन्याचा. मंडळात आल्यापासून त्र्याऐंशी दिवस त्याने दारूला शिवलं नव्हतं.

"हाऽऽ," बजरंगने केलं.

"शुद्ध!" भुजंगराव म्हणाले. "चला आत."

बजरंग हलला नाही.

"भुजंगराव, मी काल पेलो हाय."

"माझं नाक आजवर चुकलं नाही!" भुजंगराव म्हणाले आणि लागोपाठ तीनदा शिंकले.

"कालचं आज नाकाला कळत नसतंय. अन् तुमाला तर सर्दी झालीय. लोह्याला साडूच्या पोराची हळद होती. समदे म्हणले, एकच घे, एकानं काय व्हतंय. घेतली. चूक माझी हाय, त्यांची न्हाई."

कॅरमच्या सोंगट्या जागच्या जागी थांबल्या. मग एकदम गलका उडाला. "फसवणूक!" "मंडळाला डाग!" "फडकं आणा रे, रॉकेल आणा!" फळ्यावर ऑईलपेंटने एकोणीस नावं लिहिलेली होती; आजवर एकही पुसायची वेळ आली नव्हती. त्यामुळे नाव पुसायला मिळणार, या कल्पनेनेच मंडळात चैतन्य पसरलं. माणसं बाही सरसावून उभी राहिली.

"कलम एकोणीस!" सर गरजले. "चर्चा नाही!"

"पुसा सर," बजरंग म्हणाला. "पण एक ऐकून घ्या. बायको खाली उभी हाय, नागाबाई, पिशवी भरून. तिच्या भावांनी मागंच सांगितलंय, मंडळाच्या फळ्यावर नाव हाय तवर नांद, नाव पुसलं की शिरूर अनंतपाळला माघारी ये. सातची गाडी हाय. तिला जायाचं न्हाई. पण भावांचा भरवसा माझ्यावर न्हाई, तुमच्या फळ्यावर हाय."

सगळे घड्याळाकडे बघू लागले. सहा वाजून बावीस मिनिटं.

"मग मुकाट्यानं आत येऊन बसायचं होतं!" मागून कोणीतरी वैतागून म्हणालं. "सांगायची काय गरज होती?"

तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून हसू ऐकू आलं. मलप्पाअण्णा हसत होते. अण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर. आधी तीस वर्षं प्याले, मग अठरा वर्षं न पिता काढली. मंडळात दोन्ही बाजूंचा अनुभव असलेले तेवढेच.

"हे लई भारी!" अण्णा म्हणाले. "खोटं बोलला असता तर आत. खरं बोलला म्हून भाईर. सर, हे कोणत्या कलमात लिवलंय?"

"अण्णा, तुम्ही दारूची बाजू घेताय?"

"दारूची? माझी अर्धी जिंदगी खाल्ली तिनं. पेणं वाईटच, त्यात बात न्हाई. पण मी गाडीवर व्हतो तवा कुणी पायरीवरून घसरला की एक घंटी मारायचो. गाडी थांबायची. त्याला उचलून आत घ्यायचो, दोन शब्द सुनवायचो, मग गाडी हलायची. माणूस पडला अन् तुमी तर गाडी हाकायची डबल बेल मारून राहिले!"

"भावना नकोत! नियम दाखवा!"

"दाखवतो की. सत्तावीस. नाव पुसायच्या आधी घरचं पत्रक समद्यांसमोर वाचायचं. तुमीच लिवलंय."

सरांना आपल्याच कलमापुढे मान झुकवावी लागली. बजरंगने खिशातून घडी केलेलं पत्रक काढून दिलं. भुजंगराव वाचू लागले, "होय. प्याले." मंडळात पुन्हा सळसळ झाली. अण्णा म्हणाले, "शेरा वाचा."

"शेरे आपण वाचत नाही."

"आज वाचा."

भुजंगरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "'मी नाही असं लिहिणार होते. यांनीच होय असं लिहायला लावलं. रात्री दारातच सांगितलं, मी चुकलो. आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. सकाळी पाणी भरलं, मग पोरीच्या शाळेत जाऊन आले. मी म्हटलं मंडळात सांगू नका, नाव काढतील. तर म्हणाले, तिथं खोटं बोललो तर मग जायचं कुठं. पहिल्यासारखे नाहीत आता. नाव ठेवा.'"

रॉकेलची बाटली आणलेल्या गृहस्थांनी ती हळूच पाठीमागे धरली.

"असे शेरे आणिक कुणाकुणाच्या पत्रकात हायेत, बघू की," अण्णा म्हणाले.

"अवश्य!" सर उसळून म्हणाले. "कर नाही त्याला डर कशाला! भुजंगराव, माझ्यापासून सुरू करा. पाच वर्षं! एकदाही 'होय' सापडलं, तर मी राजीनामा देईन!"

ट्रंक मध्ये ओढली गेली. भुजंगरावांनी 'वसंतराव' अशी चिठ्ठी लावलेला गठ्ठा सोडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"नाही!"

सरांनी मान डोलावली.

"शेरा: 'पोह्यात मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं.'"

"पुढचं घ्या," सर म्हणाले.

"नाही! शेरा: 'सुनेसमोर मला म्हणाले, तुला अक्कल नाही. सून उठून आत गेली.' नाही! शेरा: 'चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कारण विचारायचं धाडस झालं नाही.' नाही! शेरा: 'मला ताप होता. हे निर्व्यसनी समाजावर भाषण द्यायला निलंग्याला गेले.' नाही! शेरा…"

भुजंगरावांचा खणखणीतपणा एकेका 'नाही'गणिक उतरत गेला. शेवटी ते थांबले.

"वाचा," सर म्हणाले. आवाज शाळेतला नव्हता.

"'नाही. हे कोणी वाचतं का?'"

"पुढे?"

"पुढे शेरा नाही, सर. हे दोन वर्षांपूर्वीचं आहे. नंतर नुसतंच 'नाही'."

आणि मग जे झालं ते बत्तीस कलमांत कुठेच बसत नव्हतं! सगळं मंडळ ट्रंकेवर तुटून पडलं! जो तो आपला गठ्ठा शोधू लागला. कोणी शर्टात लपवला, कोणी पाठ करून वाचू लागला. कोणी मध्येच मोठ्याने म्हणाला, "हे खोटं आहे!" आणि दुसरा कागद वाचून खाली बसला. भुजंगरावांना पत्नीचा, अयोध्याबाईंचा, एक शेरा सापडला. तो त्यांनी दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बराच वेळ नाक पुसत राहिले. सर्दी होतीच.

सर मात्र खुर्चीत बसले होते. पत्नीचं, विनीताबाईंचं, अक्षर इतकं नीटनेटकं आहे, हे त्यांना छत्तीस वर्षांत आज कळत होतं. हजारो मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर त्यांनी शेरे लिहिले होते आणि पालकांनी ते वाचले नाहीत म्हणून पालकांना उभं केलं होतं.

"अण्णा," ते म्हणाले, "मी कधी प्यालो नाही हो."

"हाव सर. म्हून तुमच्याकडं तर सबब बी न्हाई. माझ्या बायकोला मी मारलं तवा लोक म्हणायचे, दारू बोलली. तुमच्या घरात कोण बोललं?"

सरांचा चेहरा पडला. अण्णांचा आवाजही जरा मऊ झाला. "दारू सुटली म्हंजे हात रिकामा झाला, सर. त्या हातानं काय करायचं, ते आपण शिकिवलंच न्हाई कुणाला. हा बजरंग आपला आपण शिकून राहिलाय. अन् आपण त्यालाच काढाया निघालो."

सर उठले. त्यांनी रॉकेलवाल्या गृहस्थांच्या हातून बाटली आणि फडकं घेतलं. बजरंगने डोळे मिटले. सर फळ्याकडे गेले, नावांच्या वर लिहिलेली 'कलमे एकूण ३२' ही ओळ त्यांनी घासून घासून पुसली आणि वळून ओरडले,

"सात वाजायला किती कमी?"

"नऊ मिनिटं!"

"मग बघत काय राहिलात! खाली चला!"

एकोणीस पुरुष जिन्यावरून असे धडधडत उतरले की नागाबाई पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटली. "काय झालं वो? आग लागली का?"

"बाई, नाव आहे!" सर धापा टाकत म्हणाले. "पुसलं नाही! पुसणार नाही!"

नागाबाईने आधी सरांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "खरंच?"

"हाव," बजरंग म्हणाला. "पण त्र्याऐंशी गेले. आजपास्नं परत एक."

"मग एकपास्नं मोजू. लोह्याला मात्र आता हळद न्हाई की कुंकू न्हाई, सांगून ठेवते." तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि समोरून शिरूरची गाडी धूळ उडवत निघाली. मंडळाने गाडीला टाळ्या वाजवल्या. कंडक्टरने भांबावून घंटी मारली; एकच. गाडी थांबली, मग कोणी चढत नाही म्हणून पुढे गेली.

त्याच पायरीवर, उभ्या-उभ्या, नवी संहिता ठरली. तिच्यात अवघ्या तीन गोष्टी. जो घसरेल त्याने येऊन सांगायचं, आणि त्या संध्याकाळी दोघांनी त्याला सोडायचं नाही. गृहपत्रकाचा शेरा आधी वाचायचा, खूण नंतर बघायची. आणि शेरा वाचल्यावर सदस्याने घरी जाऊन त्याचं उत्तर द्यायचं. कागदावर नव्हे, वागण्यात. हुंगणं बंद झालं. भुजंगरावांनी पद आनंदाने सोडलं.

नागरिकहो, आपण आपल्या घरांत हेच करतो. 'आमचे हे पीत नाहीत' एवढ्यावर स्थळं जुळतात, सत्कार होतात, माणूस देव ठरतो. दारू वाईटच. ती सोडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवा, तो पडला तर उचला, आणि खरं बोलला तर त्याला शिक्षा देऊ नका. पण न पिणं म्हणजे उंबरठ्यापर्यंत नीट येणं. उंबरठ्याच्या आत माणूस कसा वागतो, यावरच त्याची परीक्षा! आणि तिचे गुण देण्याचा अधिकार मंडळाला नाही, घरच्यांना आहे.

वसंतराव सर त्या दिवशी आठ वाजायच्या आतच घरी गेले. वाटेत त्यांनी भाषणाची तीनदा उजळणी केली. बाहेर त्यांनी चप्पल काढली, स्वयंपाकघराच्या दारात चष्मा काढला, हात जोडले.

"विनीता, आज मी तुझे सगळे शेरे वाचले. छत्तीस वर्षांच्या माझ्या अहंकाराची मला लाज वाटते. या क्षणापासून या घरात माझा आवाज चढणार नाही, ताट उडणार नाही, तुझ्या शब्दाला माझ्या शब्दाइतकाच मान राहील. हे वचन मी तुला, आपल्या सुनेला आणि समस्त स्त्रीजातीला देतो!"

विनीताबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पदराला हात पुसले आणि ओट्यावरची बरणी त्यांच्यापुढे धरली.

"बरं. एवढं लोणच्याचं झाकण तेवढं काढून द्या. सकाळपासून निघत नाहीये."