नववी प्रत

राष्ट्राध्यक्षांच्या निवडीला कोर्टात आव्हान द्यायचं तर निकालापासून तीस दिवसांत, आणि हरलेल्या उमेदवारानं स्वतः खिडकीशी उभं राहून. जितके प्रतिवादी तितक्या प्रती. प्रत्येक प्रतीच्या प्रत्येक पानावर ‘खरी प्रत’ असा शेरा आणि खाली उमेदवाराची स्वतःच्या हातची सही. आमचे प्रतिवादी नऊ आणि पानं दोनशे बारा. हा नियम करणाऱ्याचं हरलेल्या माणसाच्या मनगटाशी काय वैर होतं, देव जाणे.

हरलेला उमेदवार म्हणजे माझा थोरला भाऊ. मी एका वकिलांकडे टायपिस्ट आहे. बाकीच्या वकिलांनी अंग काढून घेतलं, तेव्हा याचिका आमच्या साहेबांनी घेतली. मुद्दा एकच होता. एका जिल्ह्यातल्या मतदार नोंदवह्यांत चार हजार सह्या एकाच हातच्या होत्या. मेलेल्यांनीसुद्धा सह्या केल्या होत्या, त्याही सुवाच्य. दादा हरला होता सव्वीसशे मतांनी. याचिका दाखल करून घेतली, की सीलबंद वह्या कोर्टासमोर उघडणार होत्या. आम्हाला तेवढंच हवं होतं.

कागद हाती यायला अठ्ठाविसावा दिवस उजाडला. दोन दिवस दादा सह्या करत होता. मनगट सुजून टम्म झालं, सही लंगडायला लागली. मोजणी माझ्याकडे होती. तिसाव्या दिवशी दुपारी दोनला आठवी प्रत संपली. खिडकी पाचला बंद होणार होती आणि साहेब कोर्टात रांग धरून उभे होते. दादाचे डोळे मिटत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, संपलं दादा, सगळ्या झाल्या. त्यानं तिथेच टेबलावर डोकं टेकलं.

नववी प्रत मी शेजारच्या खोलीत नेली आणि दोनशे बारा सह्या ठोकल्या. कॉलेजात असल्यापासून त्याचे फॉर्म मीच भरायचे. त्याची सही मी त्याच्यापेक्षा बरी करते. साडेचारला दादानं गठ्ठा खिडकीतून आत दिला, तेव्हा मी साहेबांनाही काही बोलले नाही.

चार महिन्यांनी, याचिका दाखल करून घ्यायची की नाही यावरच्या सुनावणीत, दादा साक्षीला उभा राहिला. राष्ट्राध्यक्षांच्या वकिलांनी दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. आठवीतली सही पानागणिक खाली घसरत गेलेली, नववीतली पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ. नको तिथे मी टापटीप केली होती.

“ही सही तुमची?” त्यांनी विचारलं.

दादानं चष्मा लावला. बराच वेळ पान बघितलं, मग बाकांवर मला शोधलं. त्याला कळलं होतं. मी चक्क मान हलवली. हो म्हण. साहेब छताकडे बघत बसले.

“नाही,” दादा म्हणाला.

निकाल दीड पानात आटोपला. प्रत सदोष, याचिका फेटाळली. नवी करायला तीस दिवस कधीच उलटून गेलेले, आणि त्या कोर्टाच्या वर कोर्ट नाही. वह्या सील न तोडता गोदामात परत गेल्या. बाहेर व्हरांड्यात त्या वकिलांनी दादाचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मला त्या हाताला चावावंसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात राष्ट्राध्यक्षांचं संसदेत भाषण झालं. दादा आणि मी घरी टीव्हीसमोर होतो. तो माझ्यावर एकदाही चिडला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. शेवटी मी बोलले.

“तू हो म्हटलं असतंस तर आज वह्या उघडल्या असत्या.”

“मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला असता?”

“ते तिथे आहेत आणि आपण इथे,” मी टीव्हीकडे बोट दाखवलं. “हा फरक आहे. तो तर राहिलाच.”

तेवढ्यात राष्ट्राध्यक्षांनी दादाचं नाव घेतलं. असा सत्यवचनी विरोधक लाभणं हे देशाचं भाग्य आहे, म्हणाले. बाकं वाजली. मी रिमोट उचलला, तर दादानं हातानंच थांब म्हणून खुणावलं. स्वतःचं कौतुक त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.