इमर्जन्सी कशाला म्हणतात

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या पश्चिमेला, आमच्या भागात, ‘इमर्जन्सी’ हा शब्द सगळ्यांना येतो आणि सगळे तो दुसऱ्यांसाठीच वापरतात. वणवा लागला, मेंढ्या पुरात अडकल्या, पबमधली बिअर संपली, तर इमर्जन्सी. स्वतःला काही झालं की त्याला ‘जरासं’ म्हणतात. बैलाने शिंग खुपसलं तरी जरासंच.

मी शेजारी, म्हणजे चाळीस किलोमीटरवरचा. क्लेमचा पंप परत द्यायला गेलो, तर तो व्हरांड्यात बसलेला, तोंड राखेसारखं. जॉयस, त्याची बायको, दवाखान्यातल्या नर्सशी फोनवर बोलत होती.

“ट्रिश विचारते, इमर्जन्सी आहे का?”

“छे गं! जराशी जळजळ. कालचं मटण.”

“मटण मी पण खाल्लं की.”

“तुझं पोट दणकट आहे.”

मग त्याने स्वतःच फोन घेतला. “ट्रिश, डॉक्टरांचं विमान वगैरे पाठवू नकोस हं. कुणाला तरी खरंच लागेल ते. आम्ही गाडीने येतो सावकाश.” आणि खिशातून पिकअपची किल्ली काढून त्याने जॉयसपुढे धरली. “तूच चालव.”

जॉयस किल्लीकडे बघतच राहिली. लग्न झाल्यापासून त्या पिकअपचं स्टिअरिंग तिने फक्त पुसलं होतं. गेल्या वर्षी क्लेमने मोडक्या हाताने शंभर किलोमीटर गाडी हाणली होती, ही शेजारी बसून ओरडत होती.

तिने फोन हिसकावला. “ट्रिश, त्याने किल्ली माझ्या हातात दिली.”

ट्रिश इथलीच. तिला तेवढं पुरलं.

“ॲस्पिरिन चावायला दे. तुमच्या रानातल्या धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकला. डॉक्टरांना सांगते, विमान निघेल.”

मेंढ्या मी हाकलल्या. विमानात चढवताना क्लेम पायलटची माफी मागत होता.

हृदयात दोन स्टेंट घालून तो परत आला, तेव्हा जॉयस त्याला आणायला गावात गेली होती. ती स्टिअरिंगमागे, बाजूच्या सीटवर कुत्रा. क्लेमने सवयीने ड्रायव्हरचं दार उघडलं. ती हलली नाही. तो मुकाट्याने गाडीला वळसा घालून आला, कुत्र्याला सरकवून बसला.

“दुसरा गिअर जरासा—”

“माहीत आहे,” जॉयस म्हणाली.