विमानाच्या पत्र्याची विभूती

शिरगावच्या मैदानातला मांडव अपुरा पडला, तेव्हा लोक टेम्पोच्या टपावर चढले. बोईसरहून रिक्षा भरभरून येतच होत्या. व्यासपीठावर वायुनाथ महाराज बसले होते आणि शेजारच्या खुर्चीत गळ्यात तीन हार, डाव्या हाताला प्लास्टर, अशा साखरबाई.

पंधरा दिवसांपूर्वी साखरबाई पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या, दिल्लीच्या लेकीकडे जायला. दहाच मिनिटांत धडाका झाला. एका इंजिनातलं पातं तुटलं आणि इंजिनाचं पत्र्याचं आवरण फाटून शिरगावच्या वाड्यांवर पडलं. विमान हेलकावत मुंबईला परतलं, धावपट्टी सोडून चिखलात रुतलं. माणसं जखमी झाली, पण मेलं कोणी नाही. तेव्हापासून साखरबाईंना सारखं हसू फुटायचं. आमटी खारट झाली तरी हसू. जगण्याची झिंगच चढली होती, त्यात महाराजांचं बोलावणं आलं.

"अकरा वाजून दहा मिनिटं," महाराज माइकवर सांगत होते. "मी समाधीत. वायुदेव म्हणाले, विमानाला हात लाव. इथूनच लावला. दोनशे टन, भक्तांनो. खांदा अजून दुखतोय. आणि हा पाहा, त्याच विमानाचा पत्रा."

"मंग तेल चोळ," खाली बसलेली नवसी पुटपुटली. आवरण तिच्याच वालाच्या वाडीत पडलं होतं. "सगला पत्रा सरकारी मानसांनी नेला. याच्याकडं कुठून आला?"

तिच्या शेजारी साखरबाईंची सून प्रतीक्षा होती, बोईसरच्या एका रसायन कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणारी. हातमोजे घातलेला शिष्य पत्र्याचा तुकडा ओल्या पिवळ्या फडक्याने घासत होता, तिकडेच तिची नजर होती.

शिष्याने तुकडा साखरबाईंच्या उजव्या तळहातावर ठेवला. तो कोमट झाला, मग चटका बसू लागला आणि त्यातून करडी भुकटी उगवू लागली. मांडव जयघोषाने दणाणला. साखरबाईही हरखल्या.

"विभूती," महाराज म्हणाले. "चिमूटभर जिभेवर, की आजार खलास."

आया लेकरांना घेऊन पुढे सरकल्या. प्रतीक्षा धावत वर गेली. "आई, टाका तो. तोंडाला हात लावू नका." तिने बाटलीतल्या पाण्याने सासूचा हात खळखळून धुतला.

"श्रद्धा नसली की हात भाजतो, बाळ," महाराज हसले.

"आणि असली की हातमोजे लागतात का?"

तिने हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून शिष्याचं फडकं ओढून घेतलं आणि महाप्रसादाच्या टोपाचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण टेबलावर ठेवून घासलं. सगळे माना उंचावून बघत राहिले. थोड्या वेळाने झाकणावर तशीच करडी भुकटी फुलली.

"भाताच्या टोपाचं झाकन पन इमानात बसला होता काय?" नवसीने विचारलं, आणि मांडवात हशा उसळला.

प्रतीक्षा मात्र हसली नाही. "अ‍ॅल्युमिनियमवर एक पातळ थर असतो, तो त्याला जपतो. या फडक्यात पाऱ्याचा क्षार आहे. तो थर मोडतो, मग हवा आणि ओल लागून धातू तापतो, त्याची भुकटी होते. क्षार जहरी आहे. पोटात गेला तर मूत्रपिंडं निकामी होतात. आधी कोणी खाल्लीय?"

चार हात वर आले. त्या चौघांना लगेच रिक्षांनी पालघरच्या दवाखान्यात पाठवलं. महाराज मागच्या बाजूने निघाले होते. नवसी आणि टेम्पोवाल्यांनी त्यांना पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

साखरबाईंनी माइक घेतला.

"पातं तुटलं, ते मशीनचं दुखणं. दुसरं इंजिन चालू होतं आणि चालवणारी बाई शिकलेली होती, म्हणून आमी खाली आलो. आत पाणी वाटणाऱ्या एका पोरीच्या कपाळातून रगत येत होतं, तरी ती वरडत होती, डोकी खाली घाला. दारातल्या फुगवलेल्या घसरगुंडीवर मला तिनंच ढकललं. तिचं नाव मी अजून इचारलं न्हाई, आन् हितं येऊन हार घालून बसले."

मग त्यांना पुन्हा तेच हसू फुटलं, पण डोळे भरलेले होते.

"माझं एक ऐका. कुनी चमत्कार दावला की म्हणा, हेच झाकणावर करून दाव. चिडला, तर उठा आन् घरी जा. आजारी असाल, तर डागदराकडं जा."